पाटनचा मिस्त्री आणि मॉन्ट्रियलचा करार

पाटण म्हटले की मराठी वाचकास कोयनाकाठचे पाटण आठवते. मी म्हणतो ते पाटन मात्र जबलपूर जिल्ह्यातील, नर्मदेच्या खोऱ्यातील तहसिलीचे गाव आहे. हिवाळ्यात मटाराने भरलेल्या ट्रॉल्या आणि वैशाखात अंगाची लाही करणारी झळ, अशी या परिसराची दोन रूपे. पूर्वी येथे वाळ्याच्या ताट्या आणि पुढे कूलर यांवर उन्हाळा निभत असे; आता मध्यम उत्पन्नाच्या घरांतही वातानुकूलन यंत्र दिसू लागले आहे.

काही काळापूर्वी तेथील एका दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ बसण्याचा योग आला. मिस्त्रीने एका जुन्या यंत्राची झडप उघडली, फुस्स असा आवाज झाला आणि उरलासुरला वायू हवेत निघून गेला. "बाईस नंबर है साहब, थोड़ा ही बचा था," तो म्हणाला. त्याच्या या 'बाईस नंबर'मागे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे, आणि शासनाच्या नियोजनाची शक्ती व मर्यादा दोन्ही त्यात दिसतात.

सन १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हे वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोनचा नाश करतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ऱ्हासाचा पुरावा प्रसिद्ध झाला आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. भारताने तेव्हा सही केली नाही. हा हटवादीपणा नव्हता. विकसनशील देशांना सवलत मिळण्यासाठी दरडोई वार्षिक वापराची मर्यादा ०.३ किलोग्रॅम होती आणि भारताचा वापर तिच्याहून कितीतरी खाली होता. ज्यांनी थर विरळ केला त्यांनीच पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च उचलावा, ही भूमिका १९९० च्या लंडन परिषदेत तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी ठामपणे मांडली. त्याच परिषदेत बहुपक्षीय निधीची तरतूद झाली, आणि १९९२ मध्ये भारत करारात सामील झाला.

पुढची वाटचाल प्रशासनाच्या दृष्टीने समाधानकारक म्हणावी लागेल. पर्यावरण मंत्रालयात ओझोन कक्ष स्थापन झाला, १९९३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, २००० मध्ये नियमावली आली. सीएफसीचे उत्पादन २०१० पर्यंत थांबवायचे होते. दम्याच्या फवाऱ्यांसाठी लागणारा औषधी वापर वगळता ते १ ऑगस्ट २००८ पासूनच थांबले. हे साधले, कारण उत्पादक मोजके होते. चार-पाच कारखान्यांचे दरवाजे मोजता येतात, त्यांना भरपाई देता येते, त्यांची तपासणी करता येते.

सीएफसीची जागा ज्यांनी घेतली त्यांत एचसीएफसी गटातील आर-२२, म्हणजेच मिस्त्रीचा 'बाईस नंबर', घरगुती यंत्रांत सर्वत्र होता. तो ओझोनला तुलनेने कमी घातक. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट तापवणारा. २००७ मध्ये त्याच्या निर्मूलनाचे वेळापत्रक पुढे ओढले गेले. भारतात ३१ डिसेंबर २०२४ नंतर नवीन उपकरणांत एचसीएफसी वापरण्यास मनाई झाली. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मात्र तो अजून काही वर्षे मिळत राहील.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक धडा आहे. आर-२२ तयार करताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निर्माण होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवणारा आहे. तो जाळून नष्ट केल्याबद्दल कारखान्यांना क्योटो करारान्वये कार्बन पत मिळू लागली. खर्च थोडा, मोबदला अफाट! परिणामी उपवायू नष्ट करण्यासाठीच मूळ वायू अधिक बनवावा, असे विपरीत प्रलोभन निर्माण झाले. २०१३ मध्ये युरोपीय संघाने ही पत स्वीकारणे बंद केले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये भारताने आपल्या कारखान्यांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. चांगल्या हेतूची किंमत चुकीची ठरली की काय होते, याचे हे उदाहरण विसरू नये.

त्याच महिन्यात किगाली येथे एचएफसी वायू कमी करण्याचा करार झाला. भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. त्यानुसार आपला वापर २०२८ मध्ये गोठेल, २०३२ पासून उतरत जाईल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटेल. म्हणजे आर-४१०ए (सुमारे २०८८ पट) जाईल. आर-३२ (सुमारे ६७५ पट) हाही मुक्कामाचा थांबा ठरेल, अंतिम स्थान नव्हे. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, तापवण्यात नगण्य. त्याची घरगुती यंत्रे गोदरेजने २०१२ मध्येच बाजारात आणली. पण तो स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूंपैकी एक आहे, आणि ठिणगीशी त्याचे वैर नाही. आर-३२ सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे.

येथेच पाटनच्या मिस्त्रीकडे परत यावे लागते. 'बाईस नंबर' जळत नसे. झडप उघडून तो सोडून देणे पृथ्वीला महाग पडे, मिस्त्रीला नाही. येणारे वायू ही चूक त्याच्या अंगाशी आणतील. मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट होते, आणि ते योग्यच होते. परंतु कारखान्यांसारखी ही दुकाने मोजता येत नाहीत. वायू परत गोळा करण्याचे यंत्र घेऊन छोट्या मिस्त्रीच्या पदरी काय पडते? गोळा केलेला वायू कोणी विकत घेत नसेल तर तो वेळ का घालवील? प्रमाणपत्राने ज्ञान मिळेल. सवय बदलण्यासाठी त्या वायूला भाव मिळावा लागेल.

ग्राहकालाही काही करता येते. यंत्रातील वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळीत फिरत असतो. दरवर्षी 'गॅस भरावा' लागत असेल तर तो कोठेतरी गळतो आहे. आधी गळती शोधा, मग भरा, एवढे सांगितले तरी पैसा वाचतो आणि हवाही.

मॉन्ट्रियलहून निघालेला करार पाटनच्या दुकानापर्यंत पोहोचायला सदतीस वर्षे लागली. कायद्याने तो पोहोचला. आता त्या पान्याच्या एका वळशात तो पोहोचतो का, यावर पुढचे यश ठरेल.