पेस्तनशाही रुपया काय सांगतो?

दिवाण चंदुलाल आणि त्याच्या सावकारांनी निजामाची तिजोरी रिकामी केली, त्याच कर्जापायी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. या सावकारांत ठळक नाव तारापूरच्या पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीवाल्याचे. पुरावा म्हणून तेव्हाच्या औरंगाबादच्या टाकसाळीतला 'पेस्तनशाही' रुपया दाखवतात. सावकाराच्या नावाचे नाणे, मग आणखी काय हवे?

पण 'चांदवडी', 'अंकुशी' या रुपयांची नावेही बाजारानेच पाडली. पेशवाईत सोनारांना परवाने देऊन टाकसाळी चालवल्या जात. तेव्हा पेस्तनजीने टाकसाळ मक्त्याने चालवली एवढ्यावरून कुणी राज्य बळकावले असे होत नाही.

तारखा तर या आरोपाला मुळीच साथ देत नाहीत. निजामाला दिलेल्या उचलीच्या फेडीसाठी पेस्तनजीला वऱ्हाडातल्या महसुलाचे तनखे मिळाले. 1843 मध्ये चंदुलाल पायउतार झाला आणि 1845 मध्ये ते परगणे पेस्तनजीकडून काढून घेतले, लाखोंचे येणे तसेच ठेवून. वऱ्हाडाचा तह त्यानंतर आठ वर्षांनी, 1853 मध्ये झाला. त्यातले कर्ज होते इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाचे. ती फौज पेस्तनजीने उभारलेली नव्हती.

मक्तेदारीत रयत भरडली गेली, हे मी नाकारत नाही. वसुली मक्त्याने देणारी पद्धतच निर्दय होती. पण याच पेढीने 1825-26 मध्ये वऱ्हाडातून मुंबईला कापसाची पहिली मोठी खेप धाडली: 500 बैलांवर सुमारे 1,20,000 पौंड. पुढे शेतकऱ्यांना उचल दिली, खामगावात कापूस दाबण्याचे स्क्रू बसवले. तेव्हा आगगाडी नव्हती. माल घाट उतरून बैलांच्या पाठीवर जायचा. वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट सांगताना इंग्रजांचा रेल्वेमार्ग आठवतो, हे बैल आठवत नाहीत, याचे मला दुःख होते.

आणि तहातले ते कर्ज? 1857 च्या उठावात निजामाने इंग्रजांना साथ दिली, म्हणून 1860 च्या तहात त्यांनी 50 लाखांचे येणे सोडून दिले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत केले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले.