असरोलची मुळी आणि रक्ताचा अहवाल

आमच्या धाराशिवकडे कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला की आधी दर्गा, मग ताबीज आणि सगळे थकल्यावर मानसोपचाराचे डॉक्टर, असा क्रम असतो. गोळ्या सुरू होतात, माणूस शांत झोपू लागतो. वर्षभरात पोट सुटते. घरचे म्हणतात, "अंग धरलं, बरा झाला." माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मीही हेच म्हणालो होतो. पुढे त्याची साखर तीनशेच्या वर निघाली. मन सावरत होते तेव्हा रक्ताकडे कुणी पाहिलेच नव्हते. आम्हीही नाही.

मन एका डॉक्टरचे, शरीर दुसऱ्याचे, ही वाटणी आपल्या जुन्या वैद्यकात नव्हती. सर्पगंधेला युनानीत असरोल म्हणतात. लोकांनी तिला 'पागल बूटी' हे नाव दिले होते. देशी औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, हा हकीम अजमल खान यांचा आग्रह होता. त्यांच्या दिल्लीतील तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी या मुळीतील द्रव्ये वेगळी केली आणि १९३१ साली त्यांतील एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' नाव दिले. त्याच वर्षी कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, ही मुळी वेडावरही चालते आणि वाढलेल्या रक्तदाबावरही. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील तिचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. एकच मुळी मनापर्यंतही पोहोचत होती आणि रक्तवाहिन्यांपर्यंतही.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि मानसोपचाराचे युग बदलले. नंतर क्लोझापिन, ओलान्झापिन आल्या. या गोळ्यांनी असंख्य माणसे घरी परत आणली, हे आधी मान्य केले पाहिजे. पण त्या मेंदूतील भुकेच्या यंत्रणेलाही हात लावतात. वजन, साखर आणि रक्तातील चरबी वाढू शकते. सगळा दोष गोळ्यांचा मात्र नाही. या गोळ्या नव्हत्या तेव्हाच, १८७९ मध्ये, हेन्री मॉडस्ली या इंग्रज डॉक्टरने वेड असलेल्या घराण्यांत मधुमेहही दिसतो, अशी नोंद केली होती. तंबाखू आणि घरात बसून राहणे त्यात भर घालतात.

२००४ साली अमेरिकेतील मधुमेह आणि मानसोपचाराच्या संघटनांनी एकत्र बसून ठरवले : गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी मोजा, बारा आठवड्यांनी पुन्हा तपासा आणि पुढेही तपासत राहा. त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपल्याकडे सडपातळ दिसणारा रुग्णही सुरक्षित नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर, बाईची ८० झाली की सावध व्हावे. उपाशीपोटी साखर १०० आणि ट्रायग्लिसराइड १५०, हेही धोक्याचे उंबरठे आहेत.

शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आमच्या जिल्ह्यात मन हा आता चोरून बोलायचा विषय राहिलेला नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो की, मनाच्या रुग्णाला शरीराच्या रुग्णाइतकीच वागणूक मिळाली पाहिजे. मग 'वेड्याला कशाला रक्ततपासणी' हे वाक्य आपल्या तोंडी का असावे?

दुआ जरूर मागा. पण गोळी मनाने बंद करू नका, आजार उलटतो. रमजानचे रोजे धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्या विद्यार्थ्याची गोळी डॉक्टरांनीच बदलली, साखरेचे औषध जोडले. आता तो दर तीन महिन्यांनी अहवाल घेऊन माझ्याकडे येतो. 'अंग धरलं' असे मी म्हणत नाही. आधी साखरेचा आकडा वाचतो, मग चहा मागवतो. बिनसाखरेचा.