माशी शिंकली कुठे?

इंग्रजीतलं ‘स्नीझ’ हे क्रियापद नुसतं ऐकलं तरी नाक चाळवतं. पण त्यातला पहिला ‘स’ मुळात नव्हताच. जुन्या इंग्रजीतलं रूप होतं ‘फ्नेओसन’. १४व्या शतकात चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधला पिऊन तर्र झालेला स्वयंपाकीही ‘फ्न’च्याच क्रियापदाने फुरफुरतो.

मग कुठेतरी माशी शिंकली. त्या काळचा लांब ‘एस’ थेट ‘एफ’सारखा दिसे, फरक काय तो मधल्या आडव्या रेघेचा. ती रेघ नजरेतून निसटली आणि ‘फ्न’चा ‘स्न’ झाला, असं एक मत. दुसरं अधिक पटतं: बोलताना ‘फ’ गळाला, ‘नीझ’ उरलं आणि ‘स्नोअर’, ‘स्निफ’, ‘स्नॉर्ट’ या नाकाशीच नातं सांगणाऱ्या भावंडांच्या संगतीत त्याला ‘स’ चिकटला. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये अलीशाने जिवंत केलेला मुलगा सात वेळा शिंकतो, तेव्हा तो ‘नीझ’च करतो. जर्मन ‘नीझन’चं तर आजही त्या ‘स’वाचून काही अडलेलं नाही.

रोजच्या इंग्रजीत सर्दीखेरीज हे क्रियापद भेटतं ते ‘नॉट टू बी स्नीझ्ड ॲट’मध्ये. घसघशीत पगारवाढ किंवा चांगली सवलत नाक मुरडण्याजोगी नाही, हा त्याचा अर्थ. गंमत म्हणजे नकाराशिवाय हा प्रयोग क्वचितच दिसतो. मराठीत आणताना मात्र शिंकेला हात लावू नये. ‘थोडीथोडकी नाही’ म्हटलं की काम भागतं.