माथेरानच्या शटलची प्रतीक्षा

करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या. १ जून २०२० पासून शयनयान डब्यांसह विशेष गाड्यांच्या १०० जोड्या धावू लागल्या. प्रवास मात्र केवळ आरक्षित तिकिटावर. वातानुकूलित डब्यांतील चादरी-ब्लँकेटे तर मार्च २०२२ पर्यंत बंदच राहिली.

पर्यटकांच्या माथेरानला अधिक थांबावे लागले. अमन लॉज ते माथेरान ही शटल ४ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा सुरू झाली. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. पण पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव असलेल्या या गावी शटल नसेल तर तेव्हा घोडा, हातरिक्षा किंवा पायपीट करावी लागे, आणि वृद्धांना ती सोसवणारी नव्हती. नेरळहून थेट गाडी मात्र २०१९ च्या अतिवृष्टीपासूनच बंद होती. ती २२ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.