सुपाएवढं काळीज

'सुपाएवढं काळीज' ही आपल्याकडे शाबासकी. पण टूडी इको बघून डॉक्टर म्हणाले की 'हार्ट मोठं झालंय', तर घरादाराचे चेहरे उतरतात. मग हृदय मोठं होणं चांगलं की वाईट? हा प्रश्न डॉक्टरांनाही शंभर वर्षं छळत होता.

१८६७ साली स्के नावाच्या सर्जनने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहिलं की ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या होड्यांच्या शर्यतीमुळे पोरांच्या प्रकृतीची वाट लागते. डॉ. जॉन मॉर्गन यांनी मग १८२९ ते १८६९ मधल्या वल्हेकऱ्यांची चौकशी केली. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. हे लोक उलट सरासरीपेक्षा जास्तच जगले होते! १८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन यांनी स्कीइंगच्या शर्यतीतल्या गड्यांच्या छातीवर बोटं वाजवून हृदयाचा आकार ताडला. तो मोठा निघाला, आणि त्यांनी ते बळाचं लक्षण मानलं.

पण बोटं वाजवून आतली भिंत थोडीच दिसते? त्यासाठी ध्वनिलहरींचं यंत्र लागलं. ते एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली, स्वीडनमध्येच, हृदयावर वापरलं. १९७५ साली मॉर्गनरॉथ आणि सहकाऱ्यांनी त्याच तंत्राने खेळाडू तपासले. धावपटूंच्या हृदयाचा कप्पा मोठा, पैलवानांची भिंत जाड! (पुढे कळलं की ही विभागणी इतकी काटेकोर नसते.)

हे दोन्ही भार आमच्या घोटीला ओळखीचे. बारीतून कळसूबाईचे १६४६ मीटर गाठणाऱ्याचं हृदय तासन्‌तास जास्त रक्त फिरवत असतं. भाताच्या गिरणीतला हमाल श्वास रोखून पोतं उचलतो तेव्हा रक्तदाब घटकाभर उसळतो. पेशींची संख्या फारशी वाढत नाही, असलेल्याच पेशी जाड किंवा लांब होतात.

मग बीपीनेही भिंत जाड होते, त्यात वेगळं काय? हमाल पोतं खाली ठेवतो. बीपीचं पोतं झोपेतसुद्धा पाठीवरच. विसावा न मिळालेल्या स्नायूत चिवट तंतू साठतात, भिंत ताठर होते, नीट भरत नाही, आणि शेवटी थकते.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचे मामा. तरुणपणी पोती वाहिली, म्हणून 'माझं हार्ट कमावलेलं आहे' म्हणत बीपीची गोळी टाळतात. मामा, व्यायामाने वाढलेलं हृदय व्यायाम सुटला की काही महिन्यांत बरंचसं ओसरतं. तुम्ही पोती सोडून वीस वर्षं झाली. आज भिंत जाड दिसतेय ती त्या कमाईची नव्हे. पण बीपी आटोक्यात आलं तर तीही बरीच उतरू शकते.

मामी हे वाचतीलच. त्यांनी मोठ्याने वाचून दाखवावं, आणि सोबत गोळी नि पाण्याचा तांब्या ठेवावा. कळसूबाईचं डॉक्टरांना विचारून ठरवू.