चौदा षटकं, तीन चेंडू आणि वर एक

तुम्ही पोहोचता तेव्हा रविवार कलला आहे. २५ मे २०१४, संध्याकाळचे साडेसात. गोविंदनगरकडून महामार्गाखालच्या बोगद्यातून पलीकडे निघालात की नाशिकचं इंदिरानगर. भाग ओळखीचाच आहे; इमारती थोड्या ठेंगण्या, गाड्या थोड्या कमी. गच्च्यांवरची वाळवणं केव्हाच खाली गेलीत. जॉगिंग ट्रॅकवरची रोजची मंडळी आज एक फेरी कमी मारून घराकडे सुटलीत. रथचक्र चौकातल्या पानटपरीवर पडलेल्या पेपरात उद्याच्या शपथविधीची पानंच्या पानं आहेत, पण टपरीवाल्याला दिल्लीचं काही पडलेलं नाही. "आपली बॅटिंग आधी आली तर कितीनं जिंकायला लागतंय?" असं तो गिऱ्हाइकाला विचारतो आणि गिऱ्हाईक सुटे पैसे बाजूला ठेवून मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडतं.

तुमचा स्वतःचा फोन मात्र बाहेर काढू नका. लोक मॅच सोडून त्याच्याच मागे लागतील.

दुसऱ्या मजल्यावरच्या ज्या घरात तुम्हाला जायचंय, तिथलं दार उघडंच आहे. आत काका-काकू, त्यांचा मुलगा, सीएचा अभ्यास करणारी पुतणी आणि समोरच्या फ्लॅटमधले अण्णा. तुम्ही मुलाचे मुंबईचे मित्र असणार, अशी काकांनी परस्पर समजूत करून घेतलीय. ती मोडू नका. काकू विचारतात, "जेवलात का? आमरस आहे अजून." हो म्हणा. पुढच्या चार तासांत स्वयंपाकघराकडे कुणी वळणार नाही.

टीपॉयवर चिवड्याच्या ताटलीखाली पेपरातून कापलेलं आयपीएलच्या गुणतक्त्याचं कात्रण आहे, त्यावर काकांनी पेन्सिलीनं खाडाखोड केलीय. पंजाब, कोलकाता, चेन्नई आत गेलेत. उरलीय एक जागा. राजस्थानचे तेरा सामन्यांत १४ गुण, मुंबईचे १२. आज वानखेडेवर हे दोघंच समोरासमोर. मुंबई जिंकली तर दोघांचे १४ होतील आणि मग निकाल लावणार निव्वळ धावगती. त्यात राजस्थान इतकं पुढे आहे की नुसतं जिंकून भागत नाही, तुडवून जिंकायला हवं.

अण्णांना हे सगळं हास्यास्पद वाटतं. लोकसभेच्या निवडणुकीमुळे स्पर्धेचे सुरुवातीचे सामने अमिरातीत झाले, तिथं मुंबई पाचच्या पाच हरली. "पहिल्या पाचात शून्य मार्क, आणि आता ग्रेस मार्कावर पहिल्या वर्गात यायचंय यांना," अण्णा म्हणतात. त्यांचा मूळ राग वेगळा आहे, तोही समजून घ्या. नाशिक क्रिकेटच्या नकाशावर मुंबईचं नाही, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं. इथल्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना येतो तो महाराष्ट्राचा. आणि याच जानेवारीत रणजीच्या उपांत्यपूर्व फेरीत महाराष्ट्रानं मुंबईला, तेही वानखेडेवर, आठ गडी राखून लोळवलं. केदार जाधव शतक ठोकून नाबाद. पुढे संघ थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि कर्नाटककडून हरला. तेव्हा हेच काका मुंबईच्या नावानं बोटं मोडत होते. आज त्यांच्या अंगात मुंबईचा निळा टी-शर्ट आहे.

"मग काय करू?" काका म्हणतात. "पुण्याची टीम होती तोवर तिच्या पाठीशी होतो. ती गेली. मनुष्याला कुणीतरी लागतं."

यावर अण्णांकडे उत्तर नाही, म्हणून ते पैज लावतात. मुंबई पुढे गेली तर सगळ्यांना कुल्फी. हवी तर तुम्हीही पैज घ्या. इतिहास बदलत नाही, फार तर अण्णांचे पैसे जातात.

कारण तुम्हाला निकाल माहीत आहे. कोरी अँडरसन, फुलटॉस, षटकार, टोपी. पाच मिनिटांची चित्रफीत तुम्ही कितीदा तरी पाहिलीय. आता सोफ्याच्या हातावर टेकून बसलात की लक्षात येईल, तुमच्यापाशी नुसतं उत्तर आहे. या खोलीत चाललीय ती रीत. आपला संघ पुढे जाईल का, या प्रश्नावर बाहेरच्यांना चाहता म्हणजे आंधळा भक्त वाटतो. प्रत्यक्षात देशात आज रात्री भागाकाराची इतकी कसून उजळणी दुसरं कुणी करत नसेल.

राजस्थानची फलंदाजी आधी. संजू सॅमसन आणि करुण नायर, दोघंही कोवळी पोरं, मुंबईच्या गोलंदाजांना सुचू देत नाहीत. ७४ आणि ५०. पुतणी वहीच्या पाठच्या पानावर आकडेमोड करतेय आणि मधूनच तुम्हाला समजावते, कारण घरातले ऐकून कंटाळलेत. मोसमभर दर षटकामागे आपण किती काढल्या, त्यातून दर षटकामागे किती दिल्या ते वजा करायचं. संघ अकराव्या षटकात गुंडाळला गेला तरी वीस षटकं खेळला असंच धरायचं. प्रत्येक संघाची चौदा सामन्यांची मिळून अडीचशेहून जास्त षटकं होतात, म्हणून एका सामन्यानं आकडा फारसा हलत नाही. हलवायचा तर आजचा सामना भलताच एकतर्फी व्हायला हवा. "राजस्थानच्या एकेका रननं आपली मुदत बदलते," ती म्हणते. तिच्या वहीत दर षटकानंतर जुनी मुदत खोडून नवी लिहिलेली आहे.

शेवटी राजस्थान ४ बाद १८९. थोड्याच वेळात पडद्यावरही तोच आकडा झळकतो जो वहीत आहे: १४.३. चौदा षटकं आणि तीन चेंडूंत १९० करायच्या. षटकामागे तेराच्या वर.

"झालं," अण्णा उठायच्या बेतात. "कुल्फी तुमच्याकडे लागू."

मुलगा त्यांना कालची रात्र ऐकवतो. काल, शनिवारी, कोलकात्यात युसूफ पठाणनं २२ चेंडूंत ७२ कुटल्या. १६१चं लक्ष्य १४.२ षटकांत पार झालं आणि त्याच जोरावर कोलकाता तक्त्यात दुसऱ्या जागेवर सरकलं. अण्णा म्हणतात, काल वीज पडली म्हणून आज त्याच झाडावर पडते का? काका गप्प. ते मनातल्या मनात फलंदाजीचा क्रम लावतायत. त्यांची सगळी भिस्त अँडरसनवर आहे आणि ती निराधार नाही. १ जानेवारीला क्वीन्सटाउनला या माणसानं वेस्ट इंडीजविरुद्ध ३६ चेंडूंत शतक केलंय, एकदिवसीय क्रिकेटमधलं तोवरचं सर्वांत वेगवान. मुंबईनं त्याच्यासाठी लिलावात साडेचार कोटी मोजले. त्यातली फेड मात्र अजून झालेली नाही.

ती आज होते. सिमन्स, हसी, पोलार्ड, रोहित येतात आणि जातात, कुणीही थांबत नाही. थांबतो तो अँडरसन, आणि थांबतो म्हणजे उभ्या उभ्या मारतो. चौकार नऊ, षटकार सहा. दहाव्या-अकराव्या षटकाच्या सुमाराला खोलीत एक बदल होतो, त्याकडे लक्ष असू द्या: आतापर्यंत मोठ्यानं चाललेली आकडेमोड बंद पडते. "झालं तर बघू" असं होतं तोवर सगळे बोलत होते. "होऊ शकतं" झाल्यावर कुणी तोंड उघडत नाही. काकू दारात उभ्या राहून बघतात. त्यांना आत बोलावू नका, त्या तिथं उभ्या राहिल्यापासून गडी पडलेला नाही, असा काकांचा हिशेब आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या काळात तुम्ही विसरलायत. या घरात छत्रीची डिश आहे, समोरच्या इमारतीत केबल. केबलवर चेंडू दोन-तीन सेकंद आधी पडतो. म्हणजे समोरून आरोळी उठली की इथं गोलंदाज अजून धावत येत असतो. अण्णा याला फसवणूक म्हणतात. मुलगा खिडकी लावायला जातो, काका त्याला खाली बसवतात. उकाड्यात खिडकी लावून कसं चालेल?

तीन चेंडू उरले, नऊ हव्यात. समोर जेम्स फॉकनर. अँडरसनची एक धाव. मग रायुडूचा षटकार, आणि खोलीतले सगळे उभे. एक चेंडू, दोन धावा. रायुडू मारतो, एक धाव होते, दुसरीसाठी तो जीव खाऊन पळतो आणि धावबाद होतो. दहा चेंडूंत ३० करून.

धावसंख्या बरोबरीत, १८९. चौदा षटकं, तीन चेंडू. मुदत संपली.

समोरच्या इमारतीत सामसूम. राजस्थानचे खेळाडू मिठ्या मारायला लागलेत. अण्णा जागेवरून न हलता म्हणतात, "मलई कुल्फी. साधी नको." काका टीव्ही बंद करायला रिमोट शोधतायत, तो तुमच्या मांडीखाली आहे. देऊ नका.

"थांबा," पुतणी म्हणते. "अजून संपलं नाही."

इथं तुमच्या पाठ असलेल्या चित्रफितीत एक सफाईदार जोड आहे. प्रत्यक्षात ती मिनिटं लांबलचक आणि गोंधळाची आहेत. पंच बोलतायत, कर्णधार बोलतायत, मैदानावरच्या कुणालाच नक्की ठाऊक नाही. आणि ही मुलगी वही फिरवून तुम्हाला दाखवते की १४.३ हा आकडा खरा असला तरी अपुरा होता. एक चेंडू जास्त गेला की मुंबईचं नुकसान साधारण सव्वा-दीड धावेचं. म्हणजे चौथ्या चेंडूवर १९० झाल्या तर पुरत नाहीत, हे खरं. पण पळून काढलेली एक धाव पूर्ण झाली की सामना तिथंच थांबतो, धावसंख्या १९०च राहते. चेंडू सीमेपार गेला तर मात्र चारच्या चार किंवा सहाच्या सहा धरतात. १९३ झाल्या तरी त्या एका चेंडूची भरपाई होऊन वर उरतं.

"फोर गेला तरी चालतं," ती सांगते. तेवढ्यात समालोचकही तेच सांगायला लागतो.

माझं मत विचाराल तर त्या रात्रीचा खरा चमत्कार षटकारात नव्हता, या कलमात होता. नियम पहिल्या दिवसापासून तोच होता. तरी बरोबरीची वेळ येईपर्यंत पडद्यावर फक्त १४.३ झळकत होतं. लाखो लोकांनी त्या एका धावबादवर टीव्ही बंद केला असेल. गुणाकार-भागाकार येत होते, जर-तरचं शेवटचं पान कुणी उलटलं नव्हतं.

आता येतो आदित्य तरे. मुंबईचा यष्टिरक्षक, वय २६. त्याचा हा पहिलाच चेंडू. अँडरसन ९५ वर पलीकडच्या टोकाला उभा, आणि सगळ्या मोसमाचं ओझं ज्याच्या बॅटवर तो खेळपट्टीवर येऊन मिनिटही झालेलं नाही. काका डोळे मिटून घेतात. तुम्ही मिटू नका.

समोरून आधी आवाज येतो. मग फॉकनर धावत येतो. फुलटॉस, पायावर. तरे तो स्क्वेअर लेगच्या मागे भिरकावतो आणि चेंडू प्रेक्षकांत जातो. १४.४ षटकांत ५ बाद १९५. तरे जर्सी डोक्यावरून ओढत सुसाट सुटलाय, आणि राजस्थानच्या तंबूत राहुल द्रविड, एरवी इतका संयमी, टोपी जमिनीवर आपटतो. चिवड्याची ताटली उपडी झालीय. अण्णा टाळ्या वाजवतायत. का, ते त्यांना विचारू नका. रस्त्यावर कुणीतरी दिवाळीतले उरलेले फटाके काढलेत.

थोड्या वेळानं तक्ता पडद्यावर येतो. मुंबई ०.०९५, राजस्थान ०.०६०. पुतणी आपल्या वहीतला आकडा त्याच्याशी ताडून बघते आणि वही मिटते. उद्या तिला क्लास आहे.

कुल्फीवाला या वेळेला मिळणार नाही, तेव्हा ती वसुली तुमच्या नशिबात नाही. निघायची वेळ झालीच तर जाताना काकांना बुधवारचं काही बोलू नका. २८ मेला ब्रेबॉर्नवर चेन्नई मुंबईला सात गडी राखून हरवणार आहे. एवढ्या खटाटोपानं मिळवलेली जागा तीन दिवसांत जाणार आहे. बोलायचंच असेल तर अण्णांच्या पाचात शून्याबद्दल बोला. पुढच्या मोसमात मुंबई पहिले चार सामने ओळीनं हरेल, अण्णा हाच विनोद पुन्हा करतील आणि २४ मे २०१५ ला ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून करंडक मुंबई घेऊन जाईल.