चिमूरची बातमी आणि 42.34 मीटर

वाचकहो, चिमूर आपल्या गोंदियापासून फार दूर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील या गावी आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टीला 16 ऑगस्ट 1942 रोजी लोक उठले, गोळीबार झाला. पुढे चिमुरात लष्कर आले आणि लोकांवर अनन्वित अत्याचार झाले. वर्तमानपत्रांवर तर सरकारी बंधने होती. मग ही हकीकत देशाने ऐकली कशी? एक वाट होती मुंबईतील गुप्त नभोवाणीची, काँग्रेस रेडिओची. चिमूर शिकवताना आम्ही शिक्षक हा धागा बहुधा सोडून देतो.

परवाना घेऊन, घरी बिनतारी यंत्रे बांधून परस्परांशी बोलणाऱ्यांना हौशी रेडिओवाले किंवा 'हॅम' म्हणतात. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने त्यांचे परवाने रद्द केले. नरिमन प्रिंटर हे अशांपैकीच एक. त्यांनी या मंडळींसाठी प्रक्षेपक बांधून दिला. मंडळी कोण? 22 वर्षांची विद्यार्थिनी उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाकर. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी साहित्याची मदत केली. डॉ. राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते. भाषणे करणाऱ्यांत अच्युतराव पटवर्धनांबरोबर मोइनुद्दीन हॅरिसही होते, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे. 27 ऑगस्ट 1942 पासून हिंदुस्थानी व इंग्रजीत बातम्या सुरू झाल्या. 'हिंदुस्थानात कोठून तरी' एवढाच पत्ता सांगत, आणि लहरलांबी 42.34 मीटर.

पण विद्यार्थी मित्रांनो, पत्ता न सांगताही लहर आपला पत्ता सांगतेच. तारेचे वेटोळे केलेला एरियल हळूहळू फिरवा. एका ठराविक स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो, त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेत आहे ते कळते. नकाशावर ती रेषा ओढा. दुसऱ्या जागी जाऊन पुन्हा तसेच करा. दोन रेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक! भूमितीच्या तासाला 'याचा उपयोग काय' असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अर्थात शहरात इमारतींवरून लहरी परावर्तित होतात आणि रेषा चुकतात. म्हणून पोलिसांना शोधयंत्राची गाडी घेऊन जवळ जावे लागे. काँग्रेस रेडिओवालेही चौपाटी, लॅबर्नम रोड, वाळकेश्वर, महालक्ष्मी असे बिऱ्हाड हलवत राहिले.

शेवटी 12 नोव्हेंबर 1942 रोजी गिरगावातील पारेख वाडीत पोलीस शिरले. त्यांना दार दाखविले ते यंत्राने नव्हे. प्रिंटर आधीच पोलिसांच्या हाती लागले होते. त्यांनीच ठिकाण सांगितले. ज्याने यंत्र घडविले त्यानेच ते पकडून दिले, हे लिहितानाही वाईट वाटते. परंतु पोलिसांच्या कोठडीत त्यांच्यावर काय गुदरले असेल, याचा विचार न करता त्यांना नुसते फितूर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबेनना चार वर्षे आणि चंद्रकांतांना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास व मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्याच्या तुरुंगातून 1946 मध्ये बाहेर आल्या, पुढे प्राध्यापक झाल्या. 1998 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. 2000 मध्ये त्या वारल्या.

एके काळी सरकारजवळच असलेली शोधयंत्रे आता हातखर्चाच्या पैशांत येतात. संगणकावर दूरदर्शन पाहण्यासाठी केलेल्या एका छोट्या जोडणीतून, योग्य सॉफ्टवेअर असल्यास, इतरही अनेक लहरी ऐकता येतात, हे 2012 च्या सुमारास हौशी लोकांनी उघडकीस आणले. निवड करण्याचे काम, जे पूर्वी वेटोळी व कंडेन्सर करीत, ते येथे संगणकातील गणित करते. आमच्या मुलांनी असे एक यंत्र लावून 1090 मेगाहर्ट्झवर विमानांचे संदेश टिपले. विमान स्वतःच आपली जागा व उंची त्यात सांगत असते. बिरसीची धावपट्टीही त्याच महायुद्धाच्या काळातली, हे ऐकून मुले चकित झाली.

एका मुलाने विचारले, "सर, यावर 42.34 मीटर लागेल का?"

हिशेब केला. ते होतात सुमारे 7.08 मेगाहर्ट्झ, साधे स्वस्त यंत्र तर साधारण 24 च्या पुढेच ऐकते. मग एक जोडभाग मागविला आणि लहरीच्या निम्म्या लांबीची, म्हणजे सुमारे 21 मीटर तार गच्चीवर ताणली. हा पट्टा आज हौशी रेडिओवाल्यांचाच आहे. बोलायचे तर सरकारी परीक्षा व परवाना लागतो, म्हणून आम्ही नुसते ऐकत बसलो. खरखरीतून एक माणूस दुसऱ्याला आपल्या गावचे हवामान सांगत होता.